चहाच्या मळ्यातला दवाखाना: कुणाचा हक्क, कुणाची जबाबदारी?

आसाममधल्या चहामळ्यावरच्या एखाद्या कुटुंबाचा संसार पाहिला तर त्यात मळ्याबाहेरचं फारसं काही सापडत नाही. राहती खोली मळ्याची, पाणी मळ्याच्या नळाचं, तान्ह्याला ठेवायचं पाळणाघर मळ्याचं आणि ताप आला तर जायचा दवाखानाही मळ्याचाच. मजुरी देणारा आणि औषध देणारा मालक एकच. त्यामुळे इथल्या कामगाराच्या तब्येतीबद्दल बोलायचं तर आधी त्याच्या नोकरीबद्दल बोलावं लागतं. नोकरी कायम आहे की हंगामी, हजेरीपटावर नाव कुणाचं आहे, यावर घरातल्या आजाऱ्याला औषध मिळणार की नाही ते ठरतं.

ही व्यवस्था कायद्यानं घडवलेली आहे. एकोणिसाव्या शतकात आसामची जंगलं तोडून मळे उभे राहिले तेव्हा तिथे काम करायला माणसं नव्हती. छोटा नागपूर, ओडिशा, मध्य प्रांत, मद्रास इलाखा अशा भागांतून 'अरकाटी' म्हणजे भरतीचे दलाल माणसं गोळा करून आणत. 1865 च्या कायद्यानं पुरुषाला महिना 5 रुपये, बाईला 4 आणि मुलाला 3 रुपये मजुरी ठरवून दिली. त्याच कायद्यानं पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकारही मळेवाल्यांना दिला. तो 1908 पर्यंत टिकला. मे 1921 मध्ये चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर बायकामुलांसह 'मुलूक' गाठायला, म्हणजे आपापल्या गावी परतायला निघाले. आताच्या बांगलादेशातल्या चांदपूरच्या रेल्वे स्टेशनवर गुरखा सैनिकांनी रात्री त्यांच्यावर हल्ला केला आणि पाठोपाठ आलेल्या कॉलऱ्यानं अनेकांचा बळी घेतला.

या पार्श्वभूमीवर स्वतंत्र भारतात 1951 चा मळे कामगार कायदा आला. त्यामागचा विचार साधा होता. मळेवाल्यानं माणसं इतक्या दूर आणून वसवली, जवळपास ना सरकारी इस्पितळ ना शाळा. तेव्हा या सोयी त्यानंच पुरवायच्या. चहा, कॉफी, रबर, सिंकोना आणि वेलदोडा या पाच पिकांचे मळे कायद्यात थेट आले. जमीन किमान 5 हेक्टर आणि कामगार किमान 15 असले की कायदा लागू. पिण्याचं पाणी, शौचालयं, घर, दवाखाना या गोष्टी देणं मालकाला बंधनकारक झालं. 50 किंवा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर, 150 कामगार असतील तर कँटीन, 300 असतील तर कल्याण अधिकारी. छत्री, घोंगडी, रेनकोट यांचीही तरतूद होती, कारण आसामच्या पावसात पानं खुडण्याचं काम थांबत नाही. दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा मिळते. आजारपणात डॉक्टरचा दाखला असेल तर भत्ता मिळायचा.

दवाखान्याचा हक्क कामगारापुरता नाही, त्याच्या कुटुंबालाही आहे. पानं खुडणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी, तरीही कायद्यातली कुटुंबाची व्याख्या बरीच वर्षं पुरुष कामगार धरून केलेली होती. 2010 च्या दुरुस्तीनं ती स्त्री-पुरुष दोघांना सारखी केली. त्याच दुरुस्तीत कीटकनाशकं हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण, त्यांची ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी आणि तपासणीची नोंद ठेवणं हेही आलं.

कागदावर एवढं सगळं आहे. मग अडतं कुठे?

कायम आणि फाल्तू

आसामच्या मळ्यांत कामगारांचे दोन वर्ग असतात. एक 'कायम', दुसरा 'फाल्तू'. हा शब्द तिथे शिवी म्हणून वापरत नाहीत, हंगामी कामगाराला सरळ फाल्तूच म्हणतात. जून ते ऑक्टोबर पानं भरभरून येतात तेव्हा मळ्याला जास्त हात लागतात. त्या महिन्यांत याच लाइनमधली, म्हणजे कामगार वस्तीतली माणसं हंगामी म्हणून घेतली जातात आणि थंडी पडली की कमी केली जातात. अनेक घरांत आई कायम असते आणि मुलगा, सून फाल्तू.

घर, दवाखाना, रेशन हे सगळं 'कायम' या शिक्क्याला बांधलेलं आहे. फाल्तू सून सासूच्या खोलीत राहते, पण स्वतःच्या नावावर तिच्याकडे काही नाही. दवाखान्यात तिची गणना सासूच्या कुटुंबात करायची की नाही यावरून तिथल्या बाबूशी हुज्जत घालावी लागते. मळ्याला गेल्या काही दशकांत कायम माणसं कमी आणि हंगामी जास्त ठेवणं परवडू लागलं, त्यामुळे कायद्यातला एकही शब्द न बदलता कायद्याच्या छत्राबाहेरची माणसं वाढत गेली. मला वाटतं, मळ्यांच्या प्रश्नात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे.

आणि ही झाली मोठ्या मळ्यांची गोष्ट. देशातल्या चहापैकी निम्म्याहून अधिक चहा आज छोट्या उत्पादकांच्या जमिनीतून येतो. त्यांतले बहुतेक 5 हेक्टरच्या आतले. तिथे मजुरीवर पानं खुडणाऱ्या बाईला या कायद्यातलं काहीच मिळत नाही.

एक दिवस, एक वजनकाटा

खुडणीचं काम कसं चालतं ते पाहिलं की आजारांचं मूळही कळतं. सकाळी हजेरी होते. सरदार, म्हणजे आपल्याकडचा मुकादम, प्रत्येकीला ओळ वाटून देतो. कमरेइतक्या झुडपांमधून चालत दोन पानं आणि एक कळी खुडायची आणि पाठीवर सोडलेल्या टोपलीत किंवा कापडाच्या झोळीत टाकायची. तिचा पट्टा कपाळावर असतो, त्यामुळे वाढत जाणारं सगळं वजन मानेवर येतं. दिवसाचं ठरलेलं काम, त्याला तिथे 'निरिख' म्हणतात, बहुतेक मळ्यांत 24 किलोच्या आसपास असतं. वजनाला रांग लागते. काट्यावरच्या आकड्यातून झोळीचं वजन वजा होतं, पानं ओली असली तर पाण्याचं म्हणून आणखी काही वजा होतं. निरिख भरली नाही तर मजुरी कापली जाते, जास्त भरली तर किलोमागे थोडे जादा पैसे मिळतात.

ऑक्टोबर 2023 पासून ही मजुरी ब्रह्मपुत्रा खोऱ्यात दिवसाला 250 रुपये आणि बराक खोऱ्यात 228 रुपये झाली. 2021 च्या निवडणुकीत 351 रुपयांच्या आश्वासनाची मोठी चर्चा होती. मजुरी वाढवा म्हटलं की मालकांच्या संघटना घर, दवाखाना, स्वस्त धान्य यांचा खर्च मांडतात आणि सांगतात की रोख रकमेत हेही मिळवा. इथे वाचकानं जरा थांबावं. एकदा दवाखाना मजुरीचा भाग धरला, तर तो नीट चालला पाहिजे ही मागणी मजुरीचीच मागणी ठरते. औषध नसलेला दवाखाना म्हणजे मजुरीतली कपात. दोन्हीकडून हिशेब लावायचा आणि कपात मात्र मोजायची नाही, असं चालणार नाही.

मळ्यात शौचालय दूर असतं किंवा नसतंच. म्हणून बायका पाणी कमी पितात. त्यातून लघवीचे संसर्ग होतात, उन्हात चक्कर येते. घाम फार जातो म्हणून मळ्यात मीठ घातलेला चहा प्यायची जुनी रीत आहे. दुपारी मोठ्या भांड्यातून तो वाटला जातो. दूध नाही, साखर नाही, मीठ भरपूर. आसाममधल्या मळा कामगारांत रक्तदाबाचं प्रमाण फार आढळतं, आणि दिब्रुगडच्या वैद्यकीय संशोधकांनी केलेल्या अभ्यासांत या जादा मिठाचा उल्लेख वारंवार येतो. रक्तदाब आधी कळत नाही, दुखत नाही. गोळी रोज घ्यावी लागते, आणि महिनाभराची गोळी देण्याइतका साठा मळ्याच्या दवाखान्यात नसेल तर उपचार आठ दिवसांत सुटतो.

दुसरा आजार रक्तक्षयाचा. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आसाममधल्या 15 ते 49 वयाच्या 65.9 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा 57 टक्के होता. मळ्यांत त्याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. जेवणात भात, मीठ, चहा आणि थोडी भाजी. जेवणासोबत प्यायलेला चहा अन्नातलं लोह शरीरात शोषू देत नाही. अनवाणी चालल्यानं जमिनीतला आकडीकृमी पायातून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. बाळंतपणं जवळजवळ. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी तो झेपत नाही, कारण शरीरात शिल्लकच काही नसते. आसामचा माता मृत्यूदर अनेक वर्षं देशात सर्वांत जास्त का राहिला याचं एक उत्तर इथे आहे. 2018 ते 20 या काळात आसामात एक लाख जिवंत जन्मांमागे 195 मातांचा मृत्यू होत होता, देशात 97. पुढच्या मोजणीत आसामचा आकडा 167 वर आला. घट मोठी आहे आणि तिच्यामागे रुग्णवाहिका, आशा ताई, मळ्यांत फिरणारी वैद्यकीय पथकं यांचे कष्ट आहेत.

80 दिवसांचा नियम

गरोदर बाईच्या हक्कांत एक गोष्ट अशी आहे जी लाइनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असायला हवी. प्रसूती लाभाच्या कायद्यात कायम आणि हंगामी असा भेद नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत तिनं 80 दिवस काम केलेलं असलं की ती पात्र. 2000 साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या महिला मजुरांच्या खटल्यात हेच सांगितलं, रोजंदारीवरच्या बाईलाही हा लाभ मिळालाच पाहिजे. मळ्यातली फाल्तू कामगार जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कामाला असेल तर 80 दिवस सहज भरतात. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा, त्यातली 8 आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येते. तिसऱ्यापासून 12 आठवडे. कामावर परतल्यावर मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजायला दिवसातून दोन वेळा सुटी.

हक्क मागायचा तर 80 दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. हंगामी बाईच्या हातात हजेरीची चिठ्ठी नसेल आणि मळ्याच्या वहीत नाव वेगळंच लिहिलेलं असेल तर कायदा तिच्या बाजूनं असूनही उपयोग नाही. म्हणून चिठ्ठ्या जपून ठेवणं, बँकेत जमा झालेल्या मजुरीची नोंद काढून घेणं, आधारवरचं आणि वहीतलं नाव एकसारखं करून घेणं ही कंटाळवाणी कामं खरी महत्त्वाची आहेत. आसाम सरकारनं 2018 पासून मळ्यातल्या गरोदर बायकांना बुडालेल्या मजुरीपोटी 12,000 रुपये देण्याची योजना सुरू केली. ही मदत वेगळी, प्रसूती रजेचा पगार वेगळा. एक मिळालं म्हणून दुसरं सोडायचं कारण नाही.

एकटा डॉक्टर

31 ऑगस्ट 2019 रोजी जोरहाट जिल्ह्यातल्या टिओक मळ्यात एका कामगाराचा दवाखान्यात मृत्यू झाला. त्या वेळी डॉक्टर जागेवर नव्हते. ते आल्यावर जमावानं त्यांना खोलीत कोंडून मारलं. ते 73 वर्षांचे होते, निवृत्तीनंतर तिथे सेवा देत होते. त्यांचा जीव गेला. या हत्येचं समर्थन कुठल्याही कारणानं होऊ शकत नाही आणि न्यायालयानं पुढे आरोपींना कठोर शिक्षा दिली. पण त्या घटनेत मळ्यांच्या आरोग्यव्यवस्थेचा सांगाडा उघडा पडतो. शेकडो कुटुंबांमागे एक वयस्कर डॉक्टर, तो रजेवर किंवा बाहेर गेला की त्याच्या जागी कुणी नाही. तरुण डॉक्टर तिथे यायला तयार नसतात, कारण पगार कमी, घर जुनं, हाताशी साधनं नाहीत. रुग्ण गंभीर झाला की 'सिव्हिलला न्या' एवढंच सांगता येतं. लाइनमधल्या माणसाला त्या एका डॉक्टरच्या चेहऱ्यात मळ्याचा मालक दिसतो, आणि मालक प्रत्यक्षात कोलकात्यात असतो.

घर सोडलं की सगळं सुटतं

मळ्यातली खोली कामाशी बांधलेली आहे. निवृत्त झालं की खोली सोडायची. तीन-चार पिढ्या तिथेच काढलेल्या कुटुंबाला गावाकडे जमीन राहिलेली नसते, जाणार कुठे? यातून 'बदली'ची प्रथा आली. आई निवृत्त झाली की तिच्या जागी मुलगी किंवा सून लागते, खोली राहते. कित्येक मुलींची शाळा याच कारणासाठी सुटते. नोव्हेंबर 2025 मध्ये आसाम विधानसभेनं लाइनमधली जमीन तिथे राहणाऱ्या कुटुंबांच्या नावे करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. ती नीट अमलात आली तर राहत्या जागेचा आणि नोकरीचा हा दुवा पहिल्यांदा तुटेल.

घरांच्या बाबतीत केरळचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. मुन्नारजवळच्या पेट्टीमुडीला 6 ऑगस्ट 2020 च्या रात्री दरड कोसळली. मळा कामगारांच्या रांगेतल्या खोल्या, ज्यांना तिथे 'लयम' म्हणतात, त्या खाली गाडल्या गेल्या आणि 70 माणसं गेली. मळे कामगार कायद्यात घर कोसळून कामगार किंवा त्याच्या घरचं कुणी दगावलं तर मालकानं भरपाई द्यायची तरतूद आहे. पण नैसर्गिक आपत्तीनं कोसळलं असेल तर नाही. खोल्या कुठल्या उतारावर बांधायच्या हे ठरवतो मालक, आणि उतार घसरला की तो निसर्ग. ही पळवाट मला अजूनही पटत नाही.

त्याच मुन्नारमध्ये सप्टेंबर 2015 मध्ये चहा खुडणाऱ्या बायकांनी मान्यताप्राप्त युनियनच्या पुढाऱ्यांनाही बाजूला सारून संप केला. 'पेंबिळै ओरुमै', म्हणजे बायकांची एकजूट, या नावानं त्या रस्त्यावर बसल्या. बोनस आणि मजुरी या मागण्या होत्या, आणि मजुरी 232 वरून 301 रुपयांवर गेली.

नवीन संहिता काय बदलते?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1951 चा कायदा त्यांत विलीन झाला. मळ्यांतल्या घर, दवाखाना, पाळणाघर, मुलांचं शिक्षण यांच्या तरतुदी आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत आहेत. दोन बदल महत्त्वाचे. पहिला, या सोयी मालकानं स्वतः उभारायच्या किंवा सरकारी, पंचायतीच्या योजनांतून पुरवायच्या, अशी मोकळीक मिळाली. दुसरा, मळेमालकाला आपले कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत घालण्याचा पर्याय आला.

ईएसआय म्हणजे काय हे मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या घरात सांगावं लागत नाही. परळ-वरळीतल्या 'कामगार विमा' दवाखान्यांशी पिढ्यांचं नातं आहे. कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के जमा होतात. दिवसाला 176 रुपयांपर्यंत मजुरी असेल तर कामगाराचा वाटा माफ. बदल्यात कुटुंबासकट उपचार आणि आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी. मळ्यातल्या माणसाला याचा मोठा फायदा असा की विमा क्रमांक त्याच्यासोबत फिरतो. मळा बदलला, तरी उपचार थांबत नाही. अडचण अंतराची आहे. मळ्याचा दवाखाना कितीही साधा असला तरी तो लाइनपासून चालत जाण्याइतका जवळ असतो. तो बंद करून 60 किलोमीटरवरच्या ईएसआय इस्पितळाचं कार्ड हातात दिलं, तर सर्पदंश झालेल्या किंवा कळा सुरू झालेल्या बाईला त्या कार्डाचा काय उपयोग? म्हणून आधी जवळची सोय सिद्ध करा, मगच जुनी बंद करा, ही अट राज्यांच्या नियमांत असायला हवी.

शिक्षेची रक्कम मात्र वाढली. जुन्या कायद्यात दंड 10,000 रुपयांपर्यंतच होता. संहितेत सामान्य उल्लंघनाला 2 लाखांपासून 3 लाखांपर्यंत दंड आहे.

मालकच निघून गेला तर?

चहाच्या धंद्यात मंदी आली की मालक मळा सोडून जातात. पश्चिम बंगालमधल्या डुआर्समध्ये हे वारंवार घडलं आहे. मळा बंद म्हणजे त्याच दिवशी दवाखाना बंद, पाण्याचा पंप बंद, रेशन बंद. देणी राहून जातात ती वेगळीच. अशा थकबाकीसाठी 2006 पासून सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. फेब्रुवारी 2023 मध्ये न्यायालयानं आसाममधल्या 25 मळ्यांच्या 28,556 कामगारांना 414.73 कोटी रुपये देण्याचा आदेश काढला. दाव्यांची छाननी निवृत्त न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे यांच्या समितीनं केली होती. दाखल झालेल्या दिवसापासून आदेशापर्यंत 17 वर्षं गेली.

महाराष्ट्रात हा विषय परका वाटतो, पण सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात रबराची लागवड आहे आणि रबर मळ्यांच्या पिकांच्या यादीत आहे. म्हणजे 5 हेक्टर किंवा जास्त जागेवरचा रबराचा चीक काढणारा कामगार या तरतुदींखाली येतो. ऊसतोड कामगार येत नाहीत. ऊस यादीत नाही, आणि राज्य सरकार केंद्राच्या संमतीनं इतर पिकं यादीत घालू शकत असलं तरी ऊसतोडणीला ते लागू करणं अवघड आहे. तोडणी एका मोठ्या मळ्यात होत नाही, शेकडो शेतकऱ्यांच्या छोट्या फडांवर होते, आणि मजूर कुणाचा असं विचारलं तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया गाजल्या तेव्हा 2019 मध्ये राज्यानं चौकशी समिती नेमली, पुढे त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळही आलं. मात्र त्यांच्या आजारपणाची जबाबदारी कायद्यानं कुठल्या मालकावर टाकायची, हे 1951 मध्ये चहामळ्यांच्या बाबतीत ठरलं तसं ऊसाच्या बाबतीत अजून ठरलेलं नाही.